क्रेनची बाद मतं

आमच्या कार्डिफच्या घराची आठवण आली की आधी येतो तो लीकच्या झुणक्याचा वास. कांद्याची पात तिथे मनासारखी मिळायची नाही, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात आईने भाजीवाल्याकडून ते जाडजूड लीक आणले, चार पाण्यांनी माती काढली, बारीक चिरले आणि डाळीच्या पिठात परतले. बाबांनी पहिला घास खाल्ला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "नागपूरच्या जवळ आलीस. वर्ध्यापर्यंत." तेव्हापासून झुणका झाला की आम्ही विचारायचो, आज कुठवर? कधी वर्धा, कधी बुटीबोरी. थेट नागपूर मात्र कधीच नाही. घर अरुंद होतं, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेलं. सकाळी धुराड्यावर समुद्रपक्षी बसायचे आणि तान्ह्या मुलांसारखे रडायचे. माझी धाकटी बहीण नीलू, जी तिथेच जन्मली, त्यांना "ते रडकी पक्षी" म्हणायची. मराठीतली लिंगं तिला कधी जमली नाहीत. मी आठ वर्षांची होऊन तिकडे गेले होते, त्यामुळे माझी जमून गेली.

आई हॉस्पिटलात म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात डॉक्टर होती. बाबा नागपूरला दहा वर्षं वकील होते आणि कार्डिफला कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागात कारकून. कोणाच्या घराला मागे किती वाढवायची परवानगी मिळाली याच्या फायली ते लावायचे. घरात याचं एकच उत्तर होतं: आईला नोकरी लागली, म्हणून आम्ही आलो, आणि तिथली वकिली इथे चालत नाही. पाहुण्यांपैकी कोणी "वकीलसाहेब, इथली परीक्षा का देत नाही?" असं विचारलं, की बाबा चहाचं आधण बघायला उठायचे. आधण ठेवलेलं नसलं तरी. पण आवाज लपत नाही. दुधाच्या बाटल्या कमी का ठेवल्या हे ते दूधवाल्याला विचारायचे तेव्हासुद्धा समोरचा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे असं वाटायचं.

मी सतरा वर्षांची असताना आमच्या इतिहासाच्या बाई, मिसेस प्रिचर्ड, यांनी वर्गात एक खटला उभा करायचं ठरवलं. त्यांची बहीण अमेरिकेत एका लायब्ररीत काम करायची. तिने जुन्या कागदांच्या फोटोकॉपी पाठवल्या होत्या. तिकडच्या एका राज्यात एकोणिसाव्या शतकात ॲटर्नी जनरलची निवडणूक झाली होती. ॲटर्नी जनरल म्हणजे राज्याचा सर्वांत मोठा सरकारी वकील, आणि तिकडे तो लोकांच्या मतांनी निवडला जातो, हेच आम्हाला नवीन होतं. उमेदवार दोन, टील आणि क्रेन. त्या काळी सरकार मतपत्रिका छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापून वाटायचा आणि मतदार ती सगळ्यांदेखत पेटीत टाकायचा. एका काउंटीत, आपल्याकडचा जिल्हा म्हणा, छापखान्याच्या चुकीने क्रेनच्या नावातलं एक अक्षर गळलं. मोजणी मंडळाने "हा माणूस कोण, आम्हाला ठाऊक नाही" म्हणून त्या सगळ्या चिठ्ठ्या बाद केल्या. टील थोडक्या मतांनी निवडून आला आणि क्रेन कोर्टात गेला. आता शाळेच्या हॉलमध्ये हा खटला पुन्हा चालणार होता. न्यायाधीश म्हणून मिस्टर हॉवेल्स नावाचे एक वयस्क सॉलिसिटर येणार होते, आणि जी मुलगी सगळ्यांत चांगली बाजू मांडेल तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या ऑफिसात काम मिळणार होतं. मला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं.

"तुझी बाजू कोणती?" त्यांनी विचारलं.

"टीलची. जिंकलेल्याची. मी आणि बेथन."

बाबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "दुसरी कोणी घेत असेल तर तिला देऊन टाक."

"का?"

"काही नाही. मत बाद झालेल्याची बाजू सोपी असते."

आई त्यांच्याकडे बघत होती. "घेऊ दे की अहो," ती म्हणाली. हे ती नेहमीपेक्षा हळू म्हणाली, आणि बाबा आधण बघायला उठले.

तीन दिवस ते लांब राहिले. चौथ्या दिवशी मी पुढच्या खोलीत सराव करत होते आणि ते दारात येऊन उभे राहिले. "'मला वाटतं' म्हणू नकोस," ते म्हणाले. "तुला काय वाटतं हे जजला नको असतं. कागद काय म्हणतो ते सांग." तिथून पुढचा महिना माझ्या लहानपणातला सगळ्यांत चांगला महिना होता, आणि आज सत्तरी जवळ आलेली असतानाही माझं मत बदललेलं नाही. कौन्सिलमधून आले की बाबा कोट न काढताच विचारायचे, "हं, काय म्हणतो तुझा टील?" नीलू डोक्यावर टॉवेल घेऊन स्टुलावर जज म्हणून बसायची आणि मधूनच ओरडायची, "बाबा, तुझी आवाज खूप मोठी आहे!" आई ड्युटीवरून दमून आलेली असली तरी पायरीवर बसून ऐकायची. बाबांनी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं, कुठे थांबायचं ते शिकवलं, आणि एक वाक्य दिलं. म्हणाले, दुसरी बाजू मोजणी मंडळाने लबाडी केली असं म्हणणारच. तेव्हा आवाज चढवायचा नाही. शांतपणे म्हणायचं: "माझ्या विद्वान मैत्रिणीकडे आरोप आहे, पुरावा नाही." आणि खाली बसायचं. ते वाक्य त्यांनी मला स्वतः म्हणून दाखवलं, तेव्हा ते मनाने पुढच्या खोलीत नव्हतेच. नंतर ते खोली गरम करणाऱ्या गॅसच्या शेगडीकडे बघत बसले. मला वाटलं, नागपूर आठवत असेल.

खटला मंगळवारी होता. आदल्या शनिवारी सकाळी मी कागद नीट लावायला घेतले आणि दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. सोडवली तर आतलं पान मी कधी पाहिलेलंच नव्हतं. ती मोजणी मंडळाच्या कारकुनाची जबानी होती. त्याने सांगितलं होतं की त्याच पेट्यांमध्ये टीलचं नावही चुकीचं छापलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्या मात्र मंडळाने मुकाट्याने मोजणीत धरल्या. म्हणजे अक्षर चुकलं म्हणून क्रेनची मतं गेली नव्हती. ती घालवायचीच होती. माझ्या गठ्ठ्यात हे पान चुकून आलं होतं हे उघड होतं. ते क्रेनच्या बाजूचं होतं, आणि त्या बाजूने बोलणाऱ्या कॅरिसला असं पान आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

मी पान घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाबा टोस्टला लोणी लावत होते. त्यांनी ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "हे कोणी पाहिलंय?"

हे मी विसरलेले नाही. खरं काय, हे कुठून आलं, असं काही नाही, कोणी पाहिलंय. आणि विचारताक्षणी त्यांचा चेहरा उतरला, हातातली सुरी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि ते जॅकेट न घालता मागच्या अंगणात निघून गेले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. आईने खिडकीतून पाहिलं, पण त्यांना आत बोलावलं नाही.

रविवारी दुपारी आईने वडाभात केला. कढीपत्ता संपला होता, तो नसल्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही. कुकरची वाफ खिडकीच्या काचेवर धरली होती. नीलूला शेजारी खेळायला पाठवलं होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आईने वाढलं, स्वतः बसली आणि म्हणाली, "आता सांगा तिला. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

बाबांनी सांगितलं. नागपूरपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात नगरपालिकेची निवडणूक झाली होती. एका वॉर्डातून मारोतराव डाखोळे नावाचे एक शिंपी उभे होते, कोणत्याही पक्षाचे नव्हेत. ते थोड्या मतांनी पडले. शिक्का पुसट आहे म्हणून त्यांची बरीच मतं बाद केली होती. ते कोर्टात गेले. निवडून आलेल्या माणसाचे वकील होते बाबा. त्यांची ती पहिली मोठी केस. सुनावणीच्या आधी मोजणीला बसलेल्या एका कारकुनाने त्यांच्या हातात एक कागद आणून दिला. त्यांच्या अशिलाचीही तशीच पुसट शिक्क्याची मतं होती, ती धरली होती.

"मी तो कागद फायलीच्या तळाशी ठेवला," बाबा म्हणाले. "फाडला नाही. जाळला नाही. तळाशी ठेवला. त्या कारकुनाला वरच्यांनी दम दिला असावा, तो कोर्टात काही बोललाच नाही. डाखोळे उभे राहून सांगत होते, लबाडी झाली, मला कळलंय. त्यांच्याजवळ काही नव्हतं. आणि मी उठलो." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "माझ्या विद्वान मित्राकडे आरोप आहे, पुरावा नाही. अख्खं कोर्ट खूश झालं."

मी हातातला घास खाली ठेवला.

"निकालात जजने लिहिलं की अर्जदार खोटं बोलतो. गावात ते सगळ्यांच्या तोंडी झालं. जो कोर्टात खोटं बोलतो तो माप काय खरं घेईल, असं म्हणून लोक कपडे शिवायला टाकीनात. त्यांनी दुकान बंद केलं. मग मला कोर्टात उभंच राहता येईना, वसू. तोंड उघडलं की तेच वाक्य यायचं. तुझ्या आईने इथे अर्ज केला तो माझ्यासाठी. लोकांना उलटं सांगतो आपण." एरवी ते आमच्याशी पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे. त्या दुपारी ते म्हणाले, "आणि तेच वाक्य मी पोरीले शिकवून राहिलो. समजून-उमजून शिकवून राहिलो."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. मला तो हक्क नाही."

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर त्यांनी जे केलं त्याचा कमी आणि मला आता एकटं सोडलं याचा जास्त. ते पान सोमवारी मिसेस प्रिचर्डना परत द्यायचं असं मी ठरवलं आणि सोमवारी त्या आजारी म्हणून आल्याच नाहीत. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी बेथनला दाखवलं. ती पांढरी पडली.

"वसू, आपण पाच आठवडे मेहनत केली आहे," ती म्हणाली. "हे बॅगेत टाक. बाई बऱ्या होऊन आल्या की देऊ. कोणाला कळणार आहे?"

"कॅरिसला आत्ता द्यायला हवं."

"तू दिलंस तर मी तुझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाईट मुलगी नव्हती. ते उन्हाळ्याचं काम तिलाही हवं होतं, आणि तिच्या घरात तोपर्यंत कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मी पान बॅगेत टाकलं. हो, टाकलं. लोक मला पुढे धीट म्हणायला लागले म्हणून हे लिहून ठेवते.

हॉलमध्ये लाकडी फरशीच्या पॉलिशचा आणि जिमच्या बुटांचा वास होता. शंभरेक मुली, काही पालक. मिस्टर हॉवेल्स टेबलामागे चष्मा पुसत बसले होते. बाबा येणार नाही म्हणाले होते, पण मागच्या दाराशी, कौन्सिलच्या ऑफिसातून तसेच आलेले, छत्री हातात घेऊन ते उभे दिसले. कॅरिस चांगली बोलली. शेवटी म्हणाली की नावं दोन्ही बाजूंची चुकली असणार, छापखाने सारखेच होते, आणि मंडळाने फक्त क्रेनची मतं बाद केली असणार. मिस्टर हॉवेल्सनी चष्म्यावरून पाहिलं. "असणार? याला आधार काय, मिस?" कॅरिस कागद उलटायला लागली. एकदा सगळे उलटले, मग पुन्हा पहिल्यापासून. तिचे कान लाल झाले. मागे कोणीतरी हसलं.

"टीलच्या बाजूने उत्तर?" मिस्टर हॉवेल्स म्हणाले.

मी उठले. बेथनने टेबलाखालून माझ्या स्कर्टची कड धरली होती. वाक्य तयार होतं. जिभेवर होतं म्हणतात ना, तसं अगदी दातांपाशी. मी "माझ्या विद्वान मैत्रिणीकडे" एवढं म्हटलंसुद्धा, आणि समोर कॅरिसचे हात अजून कागद उलटत होते. तिने वर पाहिलं नाही. तिला वाटत होतं की चूक तिची आहे, तिनेच कुठेतरी नीट वाचलेलं नाही. डाखोळ्यांचे हात मी कधी पाहिले नव्हते. मला एवढंच कळलं की मी आता खाली बसले तर मला ते आयुष्यभर दिसत राहतील.

"माझ्या विद्वान मैत्रिणीकडे पुरावा नाही," मी म्हणाले, "कारण तो माझ्याकडे आहे." बॅग उघडून मी पान काढलं आणि कारकुनाची जबानी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. बेथनने स्कर्ट सोडला. वाचून झाल्यावर मी दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

मिस्टर हॉवेल्सनी क्रेनच्या बाजूने निकाल दिला. सुट्टीतलं काम कॅरिसला मिळालं, आणि ते बरोबरच होतं. मला ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या अशिलाचं फार नुकसान केलंत, मिस." पण माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. बेथन दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. मी पुढे वकील झाले नाही, कोर्टात दुभाषी झाले. समोरचा जे बोलेल ते सगळं, कमी नाही, जास्त नाही, तीस वर्षं दुसऱ्या भाषेत सांगत आले. हल्ली मी मेडनहेड नावाच्या गावात मुलीजवळ राहते. तिच्या ऑफिसातली पुण्याची तरुण मुलं येतात आणि विचारतात, काकू, तुम्ही लॉ का नाही केलं? त्यांना मी काहीतरी हसून सांगते. एवढी लांब गोष्ट चहाच्या कपावर होत नाही.

मिसेस प्रिचर्ड बऱ्या होऊन आल्यावर मी त्यांना विचारलं, खऱ्या क्रेनचं काय झालं? त्या म्हणाल्या, हरला. त्या कारकुनाने तोंड उघडलं तोवर टीलची मुदत संपत आली होती, मग कोणी पुढे चौकशी केली नाही. हे मी घरी जेवताना सांगितलं. मंगळवारनंतर बाबा आणि मी एकमेकांशी जेमतेम बोलत होतो. मी वाचलं तेव्हा ते किती ऐकून गेले, हे मी विचारलं नव्हतं.

"मुदत संपली," बाबा म्हणाले. "पण तेव्हा क्रेन जिवंत होता का?"

"माहीत नाही. कागदात नाही."

"असेलच की," आई म्हणाली. "मुदत संपली म्हणून माणूस थोडाच संपतो?"

बाबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन आठवड्यांची रजा मागितली आणि ते नागपूरला गेले. त्या तीन आठवड्यांत आईची आणि माझी भांडणं झाली, फार क्षुल्लक गोष्टींवरून. नीलू रोज विचारायची, "बाबा परत येणार आहे की नाही?" मलाही तेच विचारायचं होतं. तिकडे कोणी त्यांना मारलं तर, पोलिसात दिलं तर, असं काय काय मनात यायचं. तार नाही, पत्र नाही. पोस्टमन फाटकाशी आला की आई हातातलं काम टाकून उभी राहायची.

ते एका दुपारी आले. बारीक झालेले, चेहरा उन्हाने रापलेला. पॅसेजमध्येच, बॅग हातात, कोट अंगावर, त्यांनी सांगायला सुरुवात केली, जणू आत आले असते तर सांगता आलं नसतं. डाखोळे सापडले होते, दुसऱ्या गावात, मुलाकडे. बाबांनी नाव सांगितल्यावर त्यांनी बसा म्हटलं नाही. बाबांनी अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कागद, फाइल, वाक्य. मग डाखोळ्यांनी घरात हाक मारून बायकोला आणि मुलाला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आता यांच्यासमोर सांगा. पहिल्यापासून." बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाई ऐकून आत निघून गेल्या. पाणी कोणी विचारलं नाही.

"मग डाखोळ्यांनी विचारलं, आजच काहून सुचलं हे?" बाबा म्हणाले. "मी तुझं सांगितलं. शाळेतलं. ते पान."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

बाबांनी बॅग खाली ठेवली. "म्हणाले, तुमच्या पोरीले सांगा, मी ऐकून घेतलं. माफ केलं म्हणून सांगू नका. ऐकून घेतलं, इतकंच सांगा."

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले. ही गोष्ट त्यांनी आईजवळ, माझ्याजवळ, पुढे मोठ्या झालेल्या नीलूजवळ अनेकदा सांगितली, आणि वय झाल्यावर माणसं आपल्या गोष्टी हळूहळू गोड करत नेतात तशी सहज करता आली असती. पण डाखोळ्यांच्या त्या बोलण्यात त्यांनी कधी एका शब्दाची भर घातली नाही.